तबकडी पुसणारे हात

आमच्या घरात मला एक सवत आहे. खरं तर एक नाही, चांगल्या पाच-सहा आहेत. एक मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ, एक फिलिप्सचा, दोन रेकॉर्ड प्लेअर, एक भलामोठा अ‍ॅम्प्लिफायर आणि हॉलच्या दोन कोपऱ्यांत पहारेकऱ्यासारखे उभे असलेले स्पीकर. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवाळीला ह्यांच्या बोनसमधून मिक्सर घ्यायचा असं आमचं ठरलं होतं. हे मुंबईला गेले आणि चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरून तो अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले. पुढची दीड वर्षं मी पाट्यावर चटणी वाटली.

तेव्हापासून या मंडळींशी माझा संबंध एकच. शनिवारी ओलसर फडक्याने पुसायचं आणि कोकणातला पाऊस सुरू झाला की बुरशी आली का ते बघायचं. ऐकायचे ते हे. मी स्वयंपाकघरातून "आवाज जरा कमी करा हो" एवढंच म्हणायचे. पुढे कळलं की हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. या छंदाच्या इंग्रजी मासिकांमध्ये १९८०च्या दशकापासून एक शब्दच रूढ आहे, 'वाइफ अ‍ॅक्सेप्टन्स फॅक्टर'. म्हणजे नवं धूड घरात आणल्यावर बायको कितपत चालवून घेईल, त्याचं माप! जगभरच्या नवऱ्यांनी आपल्याला असं मापात बसवलं आहे, बघा. ऐकणारा तो आणि सहन करणारी ती, हे जणू ठरूनच गेलेलं.

मीही ते तसंच धरून चालले होते. आणि त्यामुळे माझ्या हातून जी चूक झाली, ती सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक काकू राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. काका बोटीवर नोकरीला होते, तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा परगावी. काकू आमच्या बचत गटाच्या सगळ्यात जुन्या सभासद. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "अगं, ह्यांचं ते गाण्याचं मशीन तसंच पडून आहे. काय करू गं त्याचं?" मी तालुक्याला एका मीटिंगला निघाले होते, एसटी चुकेल या घाईत होते. म्हटलं, "काढून टाका काकू. नुसती धूळ खातंय."

पंधरा दिवसांनी मंगळवारच्या बैठकीत काकूंनी सांगितलं, दारावर एक जुनं सामान घेणारा आला होता. मशीन, त्याच्याबरोबरचा तो गरम होणारा डबा आणि दोन स्पीकर घेऊन गेला. रोख चार हजार दिले. रेकॉर्डी गुरुवारी नेणार होता, किलोच्या भावाने. सगळ्या बायका म्हणाल्या, बरं झालं, जागा मोकळी झाली. मीही म्हटलं. काकूंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गटाकडून वीस हजारांचं कर्ज हवं होतं, त्याच बैठकीत आम्ही ते मंजूर केलं. चार हजारांचा तेवढाच हातभार, असं काकूच म्हणाल्या.

रात्री जेवताना मी हे सहज ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांचा घास हातातच राहिला.

"गॅरार्ड दिलं?"

"काय ते मला काय ठाऊक! तबकडीचं मशीन."

"चारशे एक होतं ते. काकांनी अडुसष्ट साली इंग्लंडहून आणलेलं. लहानपणी मी त्यांच्या ओटीवर बसून ऐकायचो."

हे मग जेवलेच नाहीत. मला राग आला. म्हटलं, एवढं होतं तर काका गेल्यावर तुम्हीच का नाही सांगितलंत काकूंना? हे म्हणाले, "मी तोंड उघडलं असतं, तर काका गेले आणि हा वस्तू मागायला आला, असं वाटलं असतं." चांगलं चारशे एक गॅरार्ड आज जुन्या वस्तूंच्या शौकिनांमध्ये लाखाच्या घरात जातं, हे त्या रात्री मला पहिल्यांदा समजलं. आणि चार हजारांत ते घालवायचा सल्ला कुणी दिला होता, तर मी.

त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ जागे होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना त्यांच्या छंदाबद्दल मी पहिल्यांदाच नीट प्रश्न विचारले. आणि जे ऐकलं, त्यातलं बरंच काही आपलं, बायकांचं निघालं.

आता हे गॅरार्डच घ्या. मूळचे हे लंडनचे सराफ! ब्रिटिश राजघराण्याचे जवाहिरे. आपल्या कोहिनूर हिऱ्याला १८५२मध्ये नव्याने पैलू पाडले गेले, ते यांच्याच देखरेखीखाली. पहिल्या महायुद्धात तोफांसाठी अंतर मोजण्याची अचूक यंत्रं हवी होती. बारीक काम करणारे हात सराफांकडेच असणार, म्हणून १९१५मध्ये त्यांनी यंत्रांची कंपनी काढली. युद्ध संपल्यावर तिने ग्रामोफोनच्या मोटारी बनवायला घेतल्या. १९५४मध्ये त्यांचं '३०१' हे तबकडी फिरवायचं यंत्र आलं. ते इतकं नेमकं फिरायचं की बीबीसीसारख्या आकाशवाणी केंद्रांनीही ते वापरलं. १९६५मध्ये '४०१' आलं. जडशीळ, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं. आपल्याकडे परदेशी मालावर तेव्हा कडक बंधनं होती. त्यामुळे आपल्या घरांत एचएमव्ही आणि फिलिप्सचे रेकॉर्ड प्लेअर, ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी, पुढे सत्तरच्या दशकात कॉस्मिक, सोनोडाइन असे देशी स्टिरिओ आले. बाहेरची वस्तू यायची ती कुणी बोटीवर असला तरच.

या वस्तूंना 'हाय-फाय' म्हणतात, म्हणजे मूळ आवाजाशी जास्तीत जास्त इमान राखणारं. इंग्लंडमध्ये 'क्वाड' नावाचा एक अ‍ॅम्प्लिफायर फार नावाजलेला. १९५३मध्ये त्याचा दुसरा अवतार आला, तो आजही शौकीन जपून ठेवतात. त्या नावातल्या शेवटच्या अक्षराचा अर्थ आहे 'डोमेस्टिक', घरगुती. नाट्यगृहासाठी नाही, तर तुमच्या-माझ्या बैठकीच्या खोलीसाठी. हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

आणि तबकडी? एडिसनने १८७७मध्ये फोनोग्राफ केला, तो नळकांड्याचा. चपटी तबकडी आणली बर्लिनर यांनी, १८८७मध्ये. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जुन्या काळ्या तबकड्या कशाच्या असत माहीत आहे? लाखेच्या! ज्या लाखेच्या बांगड्या आपण भरतो, तीच झाडावरच्या किड्यांची लाख. आपल्या देशातल्या जंगलांतली लाख जगभरच्या तबकड्यांत गेली. दगडाची पूड, काजळी आणि लाख यांचा तो मेळ. म्हणूनच ती तबकडी हातातून पडली की काचेसारखी फुटते. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं आणि लोखंडी सुई दर बाजूला बदलायची. १९४८मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने विनाइलची लाँग प्ले तबकडी आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सलग ऐकता येऊ लागलं.

मग आला स्टिरिओ. त्याचं पेटंट एचएमव्हीच्या ईएमआय कंपनीतल्या अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंजिनीअरने १९३१मध्येच मागितलं होतं. ते होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेले होते म्हणे. पडद्यावरचा माणूस एका बाजूला आणि आवाज भलतीकडून, हे त्यांना खटकलं. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन बाजूंचे आवाज कोरायचे, ही त्यांची युक्ती. स्टिरिओच्या तबकड्या सर्रास बाजारात यायला मात्र १९५८ उजाडलं. ब्लुमलाइन १९४२मध्येच विमान अपघातात गेले होते.

पण मला सगळ्यात जास्त आत लागलं ते वेगळंच. १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्ग हे साहेब ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन कलकत्त्याला आले. तेव्हा घराण्यांचे बुजुर्ग गवई या कर्ण्यासमोर गायला बिचकत होते. आपली विद्या यंत्रात अडकेल, बाजारात जाईल, ही भीती. पुढे झाल्या त्या गाणाऱ्या बायका. गौहर जान गायल्या आणि गाणं संपल्यावर त्यांनी इंग्रजीत आपलं नाव मोठ्याने सांगितलं. तबकड्या तेव्हा जर्मनीत बनत, तिथल्या माणसांना लेबल कुणाचं लावायचं ते कळावं म्हणून. ज्या बायकांना समाज घरात घेत नव्हता, त्यांचा आवाज असा नावासकट घराघरात शिरला.

आणि ऐकणाऱ्या? तेव्हाच्या 'घरंदाज' बाईला गाण्याच्या बैठकीत जागा नव्हती. फार तर पडद्याआडून, माजघरातून कान देऊन ऐकायचं. कर्ण्याची पेटी घरात आली आणि बैठकच माजघरात आली. हिराबाई बडोदेकर, बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, सगळे तिच्या हाताशी आले. दळण-कांडण करताना, मुलाला झोपवताना. पुढे रेडिओने तेच केलं. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. छप्पन्न गाणी, वर्षभर. त्या वेळी रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसणारी घरं होती, हे आपण आज्यांकडून ऐकलेलं आहेच.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळीच, आम्ही काकूंकडे गेलो. माझे पाय जड झाले होते. मी सरळ सांगून टाकलं, "काकू, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ते मशीन फार मोलाचं होतं." त्या माणसाने दिलेल्या नंबरवर ह्यांनी फोन लावला. "ते पुढे गेलं," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. परत लावला तर उचललाच नाही. तक्रार तरी कसली करणार? काकूंनी राजीखुशीने दिलं होतं, पैसे मोजून घेतले होते. फसवणूक म्हणावी तर तो एक शब्द खोटं बोलला नव्हता. फक्त किंमत सांगितली नव्हती, आणि काकूंना ती विचारावी कुणाला हे ठाऊक नव्हतं. विचारली होती ती मला.

मी सात-बारा, पासबुक, वारसनोंद यावर गावोगाव बायकांशी बोलत असते. घरावर, जमिनीवर नाव आहे का बघा, सोन्याची पावती जपा, असं सांगते. पण हॉलमध्ये पडलेल्या वस्तूची किंमत बाईला माहीत हवी, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग काकूंनी रेकॉर्डींचं कपाट उघडलं. दोनशेच्या वर तबकड्या. सगळ्या उभ्या लावलेल्या, प्रत्येकीला आतून मऊ कागद. एका कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला. कुठे डाग नाही, बुरशी नाही. हे बघतच राहिले. "काकांनी फार जपलंय हो," असं म्हणाले.

काकू हसल्या. "अरे, काका वर्षातले नऊ महिने समुद्रावर. हे कुणी जपलं?"

आम्ही दोघंही गप्प.

"ह्यांनी आणलं, पहिल्या सुट्टीत मला लावायला शिकवलं, आणि गेले बोटीवर. सासूबाई दुपारी झोपल्या की मी दार लोटून घ्यायचे आणि एक बाजू लावायचे. एकच. वीस मिनिटं. मग पुन्हा चूल. मुलगा झाला, सासूबाई गेल्या, ह्यांची नोकरी संपली, तरी दुपारची एक बाजू मी सोडली नाही. सात-आठ वर्षांपूर्वी सुई मोडली. आणायला सांगू कुणाला? ह्यांचं तर बघणंच मला होतं. म्हणून राहिलं ते."

मी विचारलं, "मग काकू, दिलंत कसं?"

"तो माणूस दारात उभा राहून म्हणाला, मालकांचं होतं का? मी म्हटलं, हो. सगळे तसंच म्हणत आले. तूसुद्धा."

यावर मला काही बोलता आलं नाही. यंत्र काकांचं, हे गल्लीत सगळ्यांनी धरलेलं. ते वाजवणारी, पुसणारी, ऐकणारी बाई घरात आहे, हे कुणाच्या मनातच आलं नाही. आणि मी रोज असल्याच वस्तू पुसणारी बाई!

गुरुवारी तो माणूस आला तेव्हा आम्ही तिथेच होतो. रेकॉर्डी द्यायच्या नाहीत, असं काकूंनी स्वतः सांगितलं. पुढचे चार रविवार ह्यांनी आणि काकूंनी बसून यादी केली. हे नाव वाचायचे आणि काकू सांगायच्या, ही मुंबईच्या र्‍हिदम हाउसमधली, ही भावजयीने दिलेली, ही माझ्या आईची. काळा घोड्याचं ते दुकान २०१६मध्ये बंद झालं, पण काकूंना त्याचा जिनाही आठवत होता. केसरबाई केरकरांची तबकडी निघाली तेव्हा ह्यांनी त्यांना एक गोष्ट सांगितली. १९७७मध्ये अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन यानं आकाशात सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली आहे, आणि ती वाजवायला सुईसुद्धा. पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत तिच्यात आहे. भारतातून एकच गाणं घेतलं, ते गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाईंची भैरवी. ती तबकडी ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचली आहे. काकू म्हणाल्या, "म्हणजे सुई कुठे मिळेल, याचा घोर तिला नाही."

दोनशेतल्या दीडशे तबकड्यांना बाजारात फारशी किंमत नव्हती, हेही सांगायला हवं. जुनं म्हणजे सोनं असं समजू नका. सिनेमातल्या गाजलेल्या गाण्यांच्या तबकड्या ढिगाने निघाल्या होत्या, त्या आजही ढिगानेच मिळतात. पण तीसेक तबकड्या चांगल्या होत्या. दोन ठिकाणी विचारून, भाव ठरवून त्यातल्या अठरा काकूंनी विकल्या. अकरा हजार आले, ते काकूंच्या नावच्या खात्यात भरले. कर्ज तेवढं कमी झालं. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. लाखाचं यंत्र मात्र गेलं ते गेलंच. ती भरपाई माझ्याने झालेली नाही, होणारही नाही.

ह्यांनी आपल्याकडच्या दोन रेकॉर्ड प्लेअरपैकी एचएमव्हीचा पेटीसारखा प्लेअर दुरुस्त करून काकूंकडे नेऊन ठेवला. त्याला दोन टोकांची सुई आहे. जुन्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद, तिला जाड टोक. लाँग प्लेला बारीक. एकीची सुई दुसरीला लावली की तबकडी बिघडते. हे मला काकूंनीच शिकवलं. आता मंगळवारची बैठक त्यांच्या ओटीवर असते. हिशेब झाले की काकू एक बाजू लावतात. एकच. वीस मिनिटं. सुरुवातीला बायका चुळबुळ करायच्या, घरी कामं पडलीत म्हणायच्या. आता वीस मिनिटं कुणी उठत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर, आजेसासऱ्यांच्या खोलीत असं काही असेल. तर एवढं करा. बरीच वर्षं बंद असलेला व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा अ‍ॅम्प्लिफायर थेट प्लगला लावू नका. आतले जुने भाग जळतात, आणि प्लग काढल्यावरही आत धक्का बसेल एवढी वीज साठून राहू शकते. आधी जाणत्या मेकॅनिकला दाखवा. तबकड्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, उन्हापासून दूर. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीच लावू नका, लाख विरघळते. पुठ्ठ्याची कव्हरं रद्दीत घालू नका, कव्हरासकट तबकडीला भाव जास्त येतो. यंत्राच्या मागे किंवा खाली नाव आणि नंबरची पट्टी असते, ती लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. दोन ठिकाणी विचारल्याशिवाय विकू नका, आणि किलोवर तर मुळीच नको.

आमच्या गटाच्या वहीत आता एक नवं पान आहे. प्रत्येकीने घरातल्या वस्तूंची यादी करायची आणि पुढे दोन रकाने भरायचे. वस्तू कुणी आणली, आणि वापरते कोण. पहिला रकाना भरायला बायकांना वेळ लागत नाही. दुसऱ्यापाशी मात्र पेन थांबतं.

घरी मीही ह्यांच्याकडून यादी लिहून घेतली, प्रत्येक वस्तूचं नाव, साल आणि अंदाजे किंमत. मिक्सरऐवजी आलेल्या त्या अ‍ॅम्प्लिफायरपुढच्या दुसऱ्या रकान्यात हे स्वतःचं नाव लिहीत होते. मी वही ओढून घेतली आणि खाली माझंही लिहिलं. शनिवारी पुसून झालं की आता मी एक बाजू लावते.